महापालिकेला शिव्या नंतर द्या, आधी घरातल्या कुत्र्याची नसबंदी करा!

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल पुन्हा तोच विषय. गेटबाहेर भटकी कुत्री वाढलीत, महापालिका झोपलीय, टॅक्स कशाला भरायचा वगैरे. तक्रार खोटी नाही. पण तासाभराने त्याच ग्रुपवर मेसेज आला, "आमच्याकडे पाच गोड पिल्लं झालीत, कुणाला हवीत का? फ्री." खाली बदामांचा पाऊस! या दोन मेसेजचा काही संबंध आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ द्या. फुकट वाटलेली पिल्लं वर्षभराने कुठे असतात, हे आपण कधी विचारतो का? गोड असतं तोवर घरात. चपला फाडायला लागलं, बदली झाली, घरमालक नको म्हणाला, की एका रात्री हायवेला गाडी थांबते, दार उघडतं आणि गाडी पुढे निघून जाते.

हे शहाणपण मी माती खाऊन शिकलोय. आमची राणी दोन वर्षांची असताना घरात सगळ्यांचं एकच, "मुकं जनावर आहे, एकदा तरी आई होऊ दे." झाली. सहा पिल्लं. हौसेने वाटली. वर्षभराने त्यातलंच एक मंडईमागच्या उकिरड्यावर दिसलं. कपाळावर तोच पांढरा टिळा. ज्यांना दिलं होतं त्यांना फोन केला तर म्हणाले, "अहो, पळून गेलं."

राणी आठ वर्षांची झाली तेव्हा अचानक खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं. आम्ही म्हटलं, ऊन बाधलं असेल. डॉक्टरांकडे नेईपर्यंत गर्भाशयात पू भरला होता. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या माद्यांमध्ये माज येऊन गेल्यावर हा आजार नेहमी दिसतो. रात्रीच ऑपरेशन केलं. ती वाचली नाही. वेळेत नसबंदी केली असती तर ते गर्भाशयच राहिलं नसतं, आणि हा आजारही झाला नसता.

आता नेहमीची कारणं.

"एकदा तरी आई होऊ दे." याचा तिच्या तब्येतीला काहीही फायदा नाही. उलट पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर स्तनांच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो. जितके माज जाऊ द्याल, तितका हा फायदा घटतो.

"आमचा नर आहे, आम्हाला काय?" मग पिल्लं आकाशातून पडतात का? माजावरच्या मादीचा वास आला की हाच गेट ओलांडून पळतो, गाडीखाली येतो, मारामारी करतो, आणि मिलनातून पसरणारी कॅन्सरची गाठ घेऊन घरी येतो. नसबंदीत वृषणच काढतात, त्यामुळे त्यांचा कॅन्सर होत नाही.

"जाड होतो." होऊ शकतो. वाटीभर कमी घाला आणि रोज फिरवा.

"निसर्गाच्या विरुद्ध आहे." तिसऱ्या मजल्यावर, गळ्यात पट्टा, पुढ्यात पाकिटातलं खाणं. यात निसर्ग कुठे राहिला?

खोटं सांगणार नाही. भूल द्यावी लागते, काही माद्यांना पुढे लघवी गळण्याचा त्रास होतो. मोठ्या जातींची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा असं डॉक्टर सांगतात. चावरा कुत्रा ऑपरेशनने आपोआप शहाणाही होत नाही. म्हणून वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. पण ठरवा!

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये पाळीव प्राण्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हटली आहे. रस्त्यावरच्यांची स्थानिक संस्थेची. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही भटक्या कुत्र्यांबाबत हेच सांगितलं: नसबंदी करा, लस द्या, परत त्याच भागात सोडा, फक्त रेबीजची आणि आक्रमक कुत्री सोडू नका. आता महापालिकेने हे सगळं चोख केलं आणि आपण नवी पिल्लं वाटतच राहिलो, तर नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखंच आहे.

तेव्हा महापालिकेला जाब जरूर विचारा, मीही विचारतो. पण ग्रुपवर पुढच्या वेळी पिल्लांचा फोटो आला की बदाम टाकण्याआधी एवढंच विचारा, "आईचं ऑपरेशन कधी करताय?"