‘मुलांकडे बघ आणि उभी राहा’

घरात शाळेत जाणारी मुलं आहेत, बाईला संधिवातासारखा जन्माचा आजार आहे आणि त्यातच तिला नैराश्यानं गाठलंय, असं कळलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: ‘‘मुलांकडे बघ आणि उभी राहा.’’ सासूबाई म्हणतात, माहेरचे म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात, कधीकधी डॉक्टरसुद्धा म्हणतात. बोलणाऱ्यांच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि घातकही आहे. तो इतक्या आपुलकीनं दिला जातो की त्यावर उलट बोलणारी बाई कृतघ्न ठरते, म्हणून त्याचं खंडन सावकाश आणि नीट करायला हवं. मी स्वतः या दोन्ही आजारांची औषधं घेते आणि मुलं वाढवते आहे, त्यामुळे तटस्थ असल्याचा दावा करत नाही.

या सल्ल्यात असं धरून चाललेलं असतं की आजारी आईनं मुलांकडे पाहिलेलंच नाही. खरं तर ती दिवसभर दुसरं काही पाहतच नसते. धाकटीची वेणी घालायची राहिली, गृहपाठावर सही राहिली, पालकसभेला जाता आलं नाही, या सगळ्याची नोंद तिच्याइतकी कोणी ठेवत नाही. आपण निरुपयोगी आहोत, सगळ्याला आपणच जबाबदार आहोत, ही अवास्तव अपराधी भावना नैराश्याचं मान्य लक्षण आहे. निदानाच्या निकषांत ती लिहिलेली आहे. ‘मुलांकडे बघ’ म्हणणारा माणूस नेमका त्याच दुखऱ्या जागी बोट दाबतो. ही भावना वाढत वाढत ‘मी नसले तर मुलं सुखी होतील’ इथवर जाते, तेव्हा तर एक दिवसही न थांबता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं असतं. रात्री-अपरात्री कोणीच हाताशी नसेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. अशा घडीला मुलांची आठवण करून देणं हा उपचार होऊ शकत नाही.

आता उभं राहण्याविषयी. संधिवाताचा एक प्रकार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आपण ज्याला आमवात म्हणतो. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उठते. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन-तीनपट जास्त आढळतो आणि बऱ्याचदा ऐन संसाराच्या वयात सुरू होतो. त्याची खूण म्हणजे सकाळचा ताठरपणा. उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ बोटं मिटत नाहीत. आणि आपल्या घरांत सगळं काम कोणत्या तासात कोंबलेलं असतं? सहा ते सात. कणीक मळणं, पोळ्या लाटणं, कुकरचं झाकण लावणं, डबे भरणं, बुटांच्या नाड्या, गणवेशाची बटणं. ज्या तासात तिचे हात सर्वांत कमी चालतात, त्याच तासात घराला तिचे हात सर्वांत जास्त हवे असतात. हा प्रश्न इच्छाशक्तीचा नाही, वेळापत्रकाचा आणि कामाच्या वाटणीचा आहे. रात्रीच कणीक मळून ठेवायला घरातल्या दुसऱ्या कोणाला हात आहेत. पोळ्या करणाऱ्या बाई मिळतात, बचत गटांची पोळीभाजी केंद्रं अनेक ठिकाणी आहेत. मुलांना बाहेरची पोळी खायला घालते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आठवडाभर सकाळी सहाला येऊन लाटणं हातात धरावं.

दुसरं मत जास्त समंजस वाटतं, म्हणून ते जास्त नुकसान करतं: ‘‘एवढा आजार मागे लागल्यावर उदास वाटणारच. साहजिक आहे.’’ दुःख होणं साहजिक आहे, हे मान्य. पण दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. आमवात असलेल्यांमधल्या नैराश्यावरच्या ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निदान करण्याजोगं गंभीर नैराश्य सुमारे १७ टक्के रुग्णांत दिसलं. सर्वसाधारण लोकांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. तरीही याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की बहुसंख्य रुग्णांना ते होत नाही. म्हणजे सांधे दुखले की नैराश्य ओघानं येतंच असं नाही. ते आलं असेल तर तो दुसरा आजार आहे आणि त्याला वेगळा उपचार आहे. ‘साहजिक’ हा शब्द उच्चारला की तो उपचार राहूनच जातो.

तो राहण्याचं आणखी एक कारण दवाखान्यात आहे. थकवा, झोपमोड, भूक मरणं, कामात मन न लागणं ही लक्षणं दोन्ही आजारांची. सांध्यांचे डॉक्टर रक्ताचा अहवाल बघतात, सूज चाचपतात, मेथोट्रेक्सेटचा आठवड्याचा डोस ठरवतात आणि थकवा सांध्यांच्या खात्यावर टाकतात. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं तर तिथे गुडघ्यांची चौकशी होत नाही. एकाच बाईची दोन पुस्तकं दोन टेबलांवर उघडतात आणि मधला मजकूर कोणीच वाचत नाही. खरं तर दोन्ही आजार एकमेकांना पोसतात. दुखण्यानं झोप उडते, झोप उडाल्यानं मन खचतं, मन खचलं की वेदना जास्त जाणवते आणि ‘काय करायचंय’ म्हणून गोळ्या चुकायला लागतात. थायरॉइड मंदावलेलं असेल किंवा बी-१२ कमी असेल तरी चित्र असंच दिसतं. म्हणून या साध्या रक्ततपासण्या आधी करून घ्याव्यात.

‘‘गोळ्यांची सवय लागते’’ या आक्षेपाला थोडक्यात उत्तर पुरेसं आहे. सवय लागू शकते ती काही झोपेच्या आणि चिंता शमवणाऱ्या गोळ्यांची. आपल्याकडे त्या आणि नैराश्यावरची औषधं एकाच नावानं ओळखली जातात, ‘डोक्याच्या गोळ्या’, आणि तिथेच घोळ होतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची नशा चढत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून ती बंद करू नयेत. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागतात आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागतात, कारण एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थपणा असा त्रास होऊ शकतो. त्या त्रासालाच लोक व्यसन समजतात. आमवाताचं औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्या बाईला कोणी ‘सवय लागली’ म्हणत नाही, याचाही विचार व्हावा.

पण माझा खरा वाद आहे तो मुलांच्या हिताचं नाव घेऊन उपचार मागे ढकलणाऱ्यांशी. ‘आधी पोरांच्या परीक्षा होऊ देत, मग तुझं बघू.’ किती घरांत हे वाक्य बोललं जातं! आईच्या किंवा वडिलांच्या नैराश्याचा मुलांवर परिणाम होतो, हे विरोधकांचं म्हणणं मी पूर्ण स्वीकारते. त्यातून निष्कर्ष मात्र उलटा निघतो. २००६ साली मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या आई-मुलांच्या १५१ जोड्यांचा अभ्यास मांडला. आईच्या नैराश्यावर उपचार सुरू झाले आणि तीन महिन्यांनी मुलांकडे पाहिलं गेलं. ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक विकारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं नैराश्य हटलं नाही, त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढलं. एका अभ्यासावर सगळं तोलू नये, हे मलाही कळतं. पण दिशा स्पष्ट आहे. आईच्या उपचारावर होणारा खर्च आणि त्यात जाणारा वेळ मुलांच्या वाट्यातून कापलेला नसतो. तो मुलांवरच होत असतो.

‘‘मुलांना कळू देऊ नका’’ हाही असाच प्रेमळ हुकूम. मुलांना कळतंच. दार लावून झोपलेली आई, हलक्या आवाजातले फोन, बाबांचा चढलेला आवाज, हे सगळं सहा-सात वर्षांच्या पोराला दिसतं. कारण सांगितलं नाही तर ते स्वतः कारण शोधतं आणि बहुधा स्वतःलाच धरतं: मी दंगा केला म्हणून आई बोलत नाही. बोस्टनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ विल्यम बिअर्ड्‌सली यांनी नैराश्यग्रस्त पालक आणि मुलं यांना एकत्र बसवून आजाराबद्दल मोकळं बोलायला लावण्याची पद्धत वर्षानुवर्षं राबवली. मुलांची आजाराबद्दलची समज त्यानं वाढली. नॉर्वेत २०१० पासून कायदाच आहे: आजारी माणसाला लहान मुलं असतील तर त्या मुलांना माहिती आणि आधार मिळतो का, हे आरोग्य कर्मचाऱ्यांनी पाहायचं. आपल्याकडे ‘घरी मुलं किती, वय काय’ हा प्रश्न कोणी विचारला, तरी त्यापुढे सहसा काही घडत नाही. सांगायचं म्हणजे फार काही नसतं. ‘‘आईला एक आजार आहे, त्यात मन फार थकतं. औषध चालू आहे. तुझ्यामुळे झालेलं नाही. संध्याकाळी आजी असेल.’’ इतकं पुरतं. मात्र इथे एक मर्यादा पाळायला हवी. थोरल्या मुलीला सगळं सांगून तिच्यावरच घर सोडून देणं, तिनं आईच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणं, धाकट्याचं सगळं पाहणं, हे अनेक घरांत सर्रास चालतं आणि त्याचं ‘किती समजूतदार आहे’ म्हणून कौतुकही होतं. मुलीचं बालपण काढून घेऊन आईचा आजार निभावून नेणं मला अजिबात मान्य नाही.

‘‘मन कामात गुंतव’’ या सल्ल्यात मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो नाकारू नये. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, सुमारे ५०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक समुपदेशक तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत छोटी, आवडीची, जमण्याजोगी कामं ठरवून द्यायचे आणि पुढच्या बैठकीत त्याबद्दल विचारायचे. त्याचा गुण आला आणि वर्षभरानंतरही टिकला. फरक इतकाच, की तिथे कोणी बाईला धुण्याभांड्यांच्या ढिगाकडे ढकललं नाही. घरकामात ती आकंठ बुडालेली असतेच. तिला लागतं ते गच्चीवर दहा मिनिटं चालणं, मैत्रिणीला फोन, आणि त्या वेळात मुलांकडे पाहणारं माणूस.

इथे नवऱ्याचा विषय येतो. पुष्कळ नवरे दवाखान्यात नेतात, बिलं भरतात, आणि आपलं काम झालं असं समजतात. सकाळच्या त्या तासातली निम्मी कामं कायमची आपल्या नावावर घेणं हा तिच्या उपचाराचाच भाग आहे. आणि आजारी बाप असेल तर? त्याला तर ‘मुलांकडे बघ’ हे वाक्यही नीटसं मिळत नाही. ‘पुरुषासारखा पुरुष’ एवढंच ऐकून तो गप्प होतो. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण उपचारांपर्यंत पोचत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलल्यावर हे प्रमाण शंभरात २७ वर गेलं. माणसं उपचार नाकारत नव्हती. त्यांच्यापर्यंत कोणी गेलंच नव्हतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच उपयोगी पडतात आणि हे दोन्ही आजार बहुतांशी भरती न होता, महिन्याच्या गोळ्यांवर सांभाळायचे असतात. तो खर्च घरच्या किराण्यातूनच निघतो. खर्चाच्याही आधी प्रश्न येतो तो आजार ओळखण्याचा. आशाताई तिशी ओलांडलेल्यांसाठी जो तपासणी-अर्ज भरतात, त्यात आता मनाबद्दलचे दोन प्रश्न आले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का. प्रश्न चांगले आहेत. पण ते ओसरीवर, सासू आणि नवरा समोर बसलेले असताना विचारले जातात, तेव्हा उत्तर ‘नाही’ असंच येणार. ते बाईला एकटीला, आत चुलीपाशी किंवा अंगणवाडीच्या कोपऱ्यात विचारायला हवेत, आणि ‘हो’ म्हणालीच तर तिला कुठल्या दिवशी, कोणाकडे पाठवायचं हे आशाताईंच्या वहीत आधीच लिहिलेलं असायला हवं.