हिशेब तपासणारा कुणाचा?

कुळगावात मी बचत गटांचं काम करते. पै-पै साठवून बायका सहकारी बँकेत ठेवतात. पण तिथला ऑडिटर कोण निवडतो, हा प्रश्न आपला आहे असं कुणी मानत नाही.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १००० रुपये काढता येत होते. ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाला, आणि बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच कंपनीचे संचालक! २१ हजारांवर बोगस खाती वर्षानुवर्षं ऑडिटमधून सुटली.

२०२१ पासून नागरी सहकारी बँकांनाही ऑडिटर नेमताना रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते. एका फर्मला सलग ३ वर्षंच मिळतात. चांगलंच आहे. पण नावं सुचवतं संचालक मंडळच. ज्यांचा कारभार तपासायचा, तेच तपासनीस निवडणार! राज्याच्या सहकार कायद्याने मंडळात स्त्रियांना २ जागा दिल्या. तिथे संचालकांच्याच बायका-सुना सह्यांपुरत्या बसवल्या, तर अडचणीचा प्रश्न विचारणार कोण? नुसती बाई असून भागत नाही. ती कुणाची मिंधी नसावी.

नुसत्या ठेवीदाराला मत नसतं. म्हणून शेअर घ्या, सभासद व्हा. शेअर कितीही असोत, मत एकच. सर्वसाधारण सभेला गटाने जा. विचारा: ऑडिटरचं नाव कुणी सुचवलं? संचालकांशी त्याचे संबंध काय? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. पैसा आपला आहे, हिशेबही आपणच मागायचा!