कांद्याची पारख आणि अदृश्य प्रकाश
लोणंदच्या बाजारात कांदा पारखला जातो तो वरच्या पत्तीवरून. आतील सड पुढे चाळीत उघडी पडते. डोळ्यांस न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र कांद्यात काही अंतर शिरतो आणि निरोगी व सडक्या भागांतून निरनिराळ्या प्रमाणात परततो. तो टिपण्यासाठी स्तरित पेरोव्स्काइट या अर्धसंवाहक द्रव्यांचा अभ्यास चालू आहे. प्रखर भट्टीवाचून, द्रावणातूनच त्यांचा पातळ थर देता येतो. मधले सेंद्रिय थर दमटपणा काहीसा रोखतात. तथापि अशा बऱ्याच द्रव्यांत शिसे असते. म्हणून अन्नाजवळ आणण्यापूर्वी ती पक्की बंदिस्त करावीत आणि बाजाराच्या धुळीत, पावसाळी हवेत कसास लावावीत. यंत्राचा निर्णय मात्र प्रथम शेतकऱ्यास कळावा. पारख एकट्या व्यापाऱ्याच्या हाती राहिली, तर भावही त्याच्याच हाती राहील.