गोळ्यांची पिशवी सोबत आणा

‘पाठीतलं पाणी काढू देऊ नका, पाय जातात.’ वॉर्डाबाहेरच्या बाकावर हा सल्ला मी कितीदा तरी ऐकला आहे. तो ऐकून क्षयाच्या मेंदूज्वरासाठीची ही पाण्याची तपासणी नाकारली, तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू बहुधा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून जाते. जर्मनीच्या हाइन्रिख क्विंक यांनी 1891 मध्ये ही पद्धत मांडली, आणि आज ती रोजची आहे.

तरीही त्या भीतीत तथ्याचा एक कण आहे. सुईने बारीक शीर दुखावली, तरी एरवी रक्त तिथल्या तिथे गोठतं. ते गोठलं नाही, तर मणक्याच्या हाडांच्या नळीत साचून नसा दाबतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर घड्याळ लावून धावावं लागतं. पायांतली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी अडणं, कंबर असह्य दुखणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच एमआरआय हवा. साचलेलं रक्त नसा दाबत असेल तर पहिल्या आठ तासांत शस्त्रक्रिया झाल्यास पाय वाचण्याची आशा जास्त. ‘सुई टोचली की दुखणारच’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नये.

डोकेदुखीचंही तसंच. पाणी काढल्यावर डोकं दुखतं आणि आडवं झाल्यावर उतरतं, ते बहुतेकदा साधं असतं. पण झोपूनही थांबेना, उलट्या आणि गुंगी आली, तर मेंदूभोवती रक्त साचलंय का हे बघायलाच हवं.

रक्त न गोठण्याचं कारण कधी गोळ्यांच्या पिशवीतच असतं. एका आजोबांसाठी सुईचा ट्रे मांडून झाला होता. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, या प्रश्नाला मुलगा ‘नाही’ म्हणाला होता. ‘फक्त हृदयाची एक गोळी असते.’ सिस्टरांनी पिशवी उघडायला लावली. आत कात्रीने कापलेली स्ट्रिप, नाव अर्धवट: ‘क्लोपिडो’. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ करणारीच गोळी! तिचा परिणाम पाच-सात दिवस टिकतो. आम्ही ट्रे झाकला. मुलगा खोटं बोलला नव्हता, आम्हीच त्याच्या भाषेत विचारलं नव्हतं. संमतीची सही घेण्याआधी ‘हृदयाची, पॅरालिसिसची, गुठळीची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?’ असंच विचारायला हवं.

वाचकहो, ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांना ठरवू द्या. तुम्ही फक्त पिशवी आणा, कापलेल्या स्ट्रिपसकट.