साडेपाचची शिट्टी

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची उपांत्य फेरी. आमच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, तिसरी ‘डू ऑर डाय’. गुण न आणता परतलं की गडी बाद. आमचा सर्वांत चपळ पोरगा बोनस रेषेपाशी दोन उड्या मारून आरामात माघारी आला. तिसरी चढाई आहे हेच विसरला होता. ‘‘सर, रात्री झोप नव्हती झाली.’’ मी त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. फिजिकल डायरेक्टरचा इलाज!

हॉस्टेलचे दिवे अकराला जातात. दिवेच फक्त, मोबाइल दीडपर्यंत चालतो. साडेपाचला सरावाची शिट्टी, ७.२० ला पहिला तास. राहिले चार तास. मोबाइल त्याचा, पण शिट्टी माझी.

या वयात शरीराचं घड्याळच उशिरा चालतं, रात्री लवकर डोळा लागत नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आत भरवता येत नाहीत. आपल्या सरकारनं २०२४ मध्ये नऊच्या आत शाळा नको म्हटलं, तेही चौथीपर्यंतच. पाचवीत गेलं की मुलाचा कोंबडा होतो बहुधा. अकरावी-बारावीचं तर नावच नको. तिथं ‘पोरगा रात्रीचा दिवस करतोय’ हे आईबाप शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानं सांगतात, आणि पेठेतल्या अभ्यासिका ‘२४ तास खुली’ अशी पाटी लावून त्याच कौतुकाचं महिन्याचं भाडं घेतात.

स्टॅनफर्डच्या ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली, धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. अभ्यास २०११ चा. ही आकडेवारी मी एका शिबिरात छाती फुगवून सांगितली, टाळ्याही घेतल्या. दुसऱ्या दिवशी शिट्टी साडेपाचलाच. आणि हीच पोरं प्रोटीनच्या डब्यासाठी घरून पैसे मागवतात तेव्हा आम्ही कुठला ब्रँड घ्यावा ते सांगतो.

शेवटी सराव संध्याकाळी घ्यावा म्हणून वरिष्ठांकडे गेलो. संध्याकाळी मैदान बाहेरच्या क्रिकेटवाल्यांना भाड्यानं दिलंय म्हणे. ‘‘आणि आमच्या वेळी नव्हतो का आम्ही उठत पहाटे?’’ मी मान डोलावली. उद्या पुन्हा साडेपाच. जाताना गार पाण्याची बाटली घेतो. डुलक्या काढणाऱ्यांच्या तोंडावर मारायला लागते.