पहिल्यांदा पैसे देऊन मालिश करून घेताय? आधी प्रश्न, मग तेल

गेल्या पावसाळ्यात आवणी उरकल्यावर मोखाड्याकडच्या एक मावशी ओपीडीत आल्या. दोन-तीन आठवडे चिखलात वाकून भात लावल्यावर पाठ धरणारच, तशी त्यांची धरली होती. तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. औषध लिहून देत होतो, तेवढ्यात त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, पोरगा नाशिकला कंपनीत आहे. त्यानं तिथल्या मसाज सेंटरला माझे पैसे भरून ठेवलेत. पण तिथं कपडे काढायला लावतात का हो? नाही म्हटलं तर चालतं का?"

हा प्रश्न त्यांनी मुलाला विचारला नव्हता. आई मुलाला हे विचारणार तरी कसं? मुलानं प्रेमानं दिलेली भेट होती आणि त्या भेटीचीच त्यांना आठ दिवस धास्ती लागली होती. त्या दिवशी त्यांना जे सांगितलं, तेच आज सविस्तर लिहितो आहे. जव्हार-मोखाड्यातून नाशिक, ठाणे, मुंबईला नोकरीसाठी गेलेली मुलं आता आईवडिलांना अशा भेटी देऊ लागली आहेत. फिरायला आलेली मंडळीही "इथं मसाज करून घेतला तर चालेल का?" असं विचारतात.

घरचा हात आणि परका हात

मालिश आपल्याला नवी नाही. दिवाळीच्या पहाटे आईनं तेल-उटणं लावलेलं आठवत नाही असं मराठी घर विरळाच. बाळंतिणीला आणि बाळाला सुईणबाई तेल लावतात. आपल्या भागात खोबरेल, तिळाचं, खुरासणीचं, ज्या घरात जे असेल ते तेल वापरतात.

पण घरच्या हाताला तुम्ही माहीत असता. तुमचा खांदा लहानपणी निखळला होता, तुम्हाला शुगर आहे, तुम्हाला तिसरा महिना लागला आहे, हे सगळं त्या हाताला न सांगता कळलेलं असतं. पैसे घेऊन मालिश करणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून त्यानं विचारायला हवं.

माझं मत स्पष्ट आहे. मालिश चांगली की वाईट हे तेलावरून, खोलीच्या थाटावरून किंवा दरावरून ठरत नाही. अंगाला हात लावण्याआधी तुम्हाला किती प्रश्न विचारले, यावरून ते ठरतं. एकही प्रश्न न विचारता "झोपा" म्हणणाऱ्याच्या हाती अंग देऊ नका.

न विचारल्यानं काय होतं

एका पेशंटचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर निघाल्यावर पोटरी सुजली, दुखू लागली. "नस आखडली असेल" म्हणून दोन दिवस पोटरी चोळून घेतली. तिसऱ्या दिवशी दम लागला म्हणून घरच्यांनी त्याला आणलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेल्याची शंका होती. तातडीनं नाशिकला पाठवावं लागलं. तो वाचला. गाठ चोळण्यामुळेच सुटली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण ती आपोआपही सुटते. पण "पाय दोन्ही सुजलेत की एकच? नुकतं प्लॅस्टर होतं का?" एवढं कुणी विचारलं असतं, तर तो दोन दिवस आधी दवाखान्यात पोचला असता.

मालिश कुणाला नको, हे काही आम्ही आजकालच्या डॉक्टरांनी शोधून काढलेलं नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा असं सांगितलं आहे आणि तिथंच अजीर्ण झालेल्यानं, कफानं त्रस्त असलेल्यानं, नुकतं शोधन झालेल्यानं तो टाळावा असंही सांगितलं आहे. आपण पहिला भाग लक्षात ठेवला, दुसरा विसरलो.

आधी डॉक्टरांना दाखवा, जर...

- ताप असेल. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हणजे मलेरिया, डेंग्यू, लेप्टो काहीही असू शकतं. आधी रक्त तपासा.
- एकाच पायाला सूज, लाली किंवा पोटरीत दुखणं असेल.
- नुकतं हाड मोडलं असेल, पडल्यामुळे मार असेल किंवा ऑपरेशन झालं असेल.
- रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील.
- गरोदर असाल, किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील. मालिश अजिबात चालत नाही असं नाही, पण कुठे, किती आणि कुणाकडून, हे विचारून ठरवा.
- अंगावर जखम, खरूज किंवा पुरळ असेल.
- शुगरमुळे पायांची संवेदना कमी झाली असेल. तेल किंवा वाफ किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं.
- पाठदुखीबरोबर पायात मुंग्या, ताकद कमी होणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं असेल. शेवटचं लक्षण असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आपल्या भागासाठी आणखी एक: सिकलसेल. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं. या आजारात हातपाय, पाठ, छाती भयंकर दुखते आणि घरचे रात्रभर चोळत बसतात. हलक्या हातानं, उबेत चोळल्यानं बरं वाटू शकतं. पण दुखण्याबरोबर ताप, छातीत दुखणं किंवा दम असेल तर चोळत बसू नका, लगेच दवाखान्यात आणा. बर्फ किंवा गारवा लावू नका, त्यानं दुखणं वाढतं. चालताना खुबा सतत दुखत असेल तर त्याचा एक्स-रे हवा. घरात लहानपणापासून अशी वारंवार अंगदुखी कुणाला असेल आणि तपासणी झाली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्या.

प्रत्यक्ष काय होतं

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो.

*जाण्याआधी.* पोटभर जेवून जाऊ नका, अगदी उपाशीही जाऊ नका. हलकं खाऊन तास-दीड तासानं जा. नवं तेल असेल तर आधी हाताला थोडं लावून पाहा. बाईला बाईच हवी, हे पैसे भरतानाच सांगा. सोबत कुणाला घेऊन गेलात तरी चालतं.

*कपडे.* तुम्हाला जेवढे काढावेसे वाटतील तेवढेच काढायचे. आतले कपडे अंगावर राहू द्या. चांगल्या ठिकाणी मालिश करणारी व्यक्ती खोलीबाहेर जाते, तुम्ही कपडे बदलून चादर पांघरून झोपता. ज्या भागाला तेल लावायचं तेवढाच भाग उघडा करतात, बाकी अंग झाकलेलं असतं. लुगडं किंवा गाऊन काढायचाच नसेल, तर हात, पाय, मान आणि डोकं एवढ्याचीच मालिश मागा. त्यात कमीपणा नाही.

*एक तास.* संपूर्ण अंगाची मालिश साधारण तासभर चालते. आधी लांब, हलके हात फिरवतात, मग स्नायू मळतात, काही जण शेवटी थापट्या देतात. झोप लागते, पोटात गुडगुडतं, वायू सरतो. यात लाजण्यासारखं काही नाही. गप्पा मारायची सक्ती नाही.

*दुखलं तर.* "दुखल्याशिवाय गुण येत नाही" हे खरं नाही. गोड दुखणं वेगळं. श्वास रोखावा लागतो आहे, दात आवळले जात आहेत, तर हात जड पडतो आहे. "हळू करा" म्हणा. मानेला झटका देऊन कडकन वाजवू देऊ नका. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटते आणि पक्षाघात होतो. मानेचा आवाज ऐकण्यासाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची?

*नको तिथं हात गेला तर.* छाती आणि गुप्तांग हा मालिशीचा भाग नाही. हात तिकडे गेला की "थांबा" म्हणा, उठून बसा, बाहेर या. पैसे भरलेत म्हणून सहन करायचं नाही. गरज पडली तर ११२ ला फोन करा.

*झाल्यावर.* एकदम उठू नका, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. आधी कडेवर वळा, बसा, मग उभे राहा. तळपायाला तेल असतं, फरशीवर घसरायला होतं. लगेच गाडी घेऊन घाटात शिरू नका, अर्धा तास थांबा. एक-दोन दिवस अंग थोडं ठणकतं, ते ठीक आहे. सूज, काळंनिळं, मुंग्या किंवा वाढतं दुखणं असेल तर दाखवा.

अपेक्षा किती ठेवायची

"मालिशीनं शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात", "आजार मुळापासून जातो", असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यांना तेल लागत नाही. पाठदुखीवरच्या २५ चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेनं आढावा घेतला. मालिशीनं थोड्या काळापुरता आराम पडतो असं दिसलं, पण पुरावा कमकुवत होता आणि आराम फार टिकत नव्हता. म्हणजे मालिश हा विसावा आहे. तेवढ्यासाठी जरूर घ्या. पुन्हा पुन्हा धरणाऱ्या पाठीला व्यायाम, वाकण्याची योग्य पद्धत आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला लागतो.

आता आमच्याकडचीही एक चूक कबूल करतो. अंगदुखीच्या पेशंटला आम्ही दोन मिनिटांत सुई देऊन वाटेला लावतो. पेशंटही "सुई द्या" म्हणतो, आम्हीही देतो. अनेकदा त्या पाठीला बोट लावून कुठे दुखतं ते पाहिलेलंही नसतं. मग कुणी तासभर आपल्या अंगाकडे लक्ष देतं म्हटल्यावर लोक तिकडे जाणारच. त्यांना नावं ठेवण्याआधी आम्ही आमची दोन मिनिटं मोजायला हवीत. न विचारता तेल लावणारा आणि न तपासता सुई देणारा, दोघांची चूक एकच आहे.

मावशी जाऊन आल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा विचारलं, "कसं काय झालं?"

म्हणाल्या, "पाठीचं म्हणाल तर चार दिवस बरं वाटलं. पण मी तिला आधीच सांगितलं, साडी सोडणार नाही, पाय आणि मानच कर. ती म्हणाली, बरं आई."

पाठ पुढच्या आवणीला पुन्हा धरेल, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. त्यासाठी आता रोजचे तीन व्यायाम शिकवले आहेत. पण "नाही म्हटलं तर चालतं का?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं. तुमच्या घरी कुणाला हा प्रश्न पडला असेल आणि विचारायची लाज वाटत असेल, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा.