मेंदूचा हादरा आणि शाळेचे कर्तव्य

पावसाळा सरला की शहरातील मैदाने जागी होतात. आंतरशालेय क्रिकेटचे, कबड्डीचे, खो-खोचे सामने सुरू होतात आणि दरवर्षी त्यांत काही मुले डोक्यावर आपटतात. ज्याचा हात मोडतो तो मुलगा त्यातल्या त्यात भाग्यवान म्हणावयाचा. त्याच्या प्लास्टरवर सारा वर्ग सह्या करतो, बाई त्यास लिहिण्यातून सूट देतात, परीक्षेला लेखनिकही मिळतो. परंतु ज्याच्या मेंदूला हादरा बसला त्याच्याजवळ चारचौघांस दाखवण्यासारखे काहीच नसते. सी. टी. स्कॅन निर्दोष आलेला असतो, घरच्यांनी देवापुढे साखर ठेवलेली असते आणि सोमवारी सकाळी मूल दप्तर घेऊन वर्गात हजर होते. त्याच्या खऱ्या हालांस तेथून प्रारंभ होतो, ही गोष्ट आमच्या बहुसंख्य शाळांच्या गावीही नाही.

डॉक्टर ज्यास कनकशन म्हणतात त्या आघातात मेंदूची रचना बहुधा शाबूत राहते. बिघडते ते त्याचे कार्य. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसेल, हाडाची भेग दिसेल. हा बिघाड दिसणार नाही. शुद्ध हरपली नाही म्हणजे विशेष काही झाले नाही, हा समजही तितकाच खोटा आहे, कारण बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. पुढे मात्र डोके ठणकते, ट्यूबलाइटचा प्रकाश आणि मधल्या सुटीचा गोंगाट सोसवत नाही, फळ्यावरून वहीकडे नजर वळवताना गरगरते, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, झोप बिघडते, आणि एरवीचे शांत मूल चिडचिडे होते. (वारंवार वांती, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र शाळेचा विचार बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.)

या बाबतीत आम्हांस उपदेशकाचा आव आणता येत नाही. या लेखणीपूर्वी आमच्या हाती काही वर्षे खडू होता. खो-खोच्या खांबावर डोके आदळलेला एक हुशार मुलगा आठवड्याने वर्गात परतला आणि सोपी गणिते चुकवू लागला, हात डोळ्यांवर धरून बसू लागला. आम्ही त्यास आळशी ठरवले आणि एकदा बाकावर उभे केले. तो काही बोलला नाही. काय होते आहे हे सांगण्यास त्याच्याजवळ शब्द नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर आमच्याजवळही नव्हता. आज तो शब्द आहे, ज्ञानही आहे. आता तेच करणाऱ्या शिक्षकास अज्ञानाची सबब सांगता येणार नाही.

ज्ञान कोणते, ते थोडक्यात पाहू. अंधाऱ्या खोलीत, पुस्तकावाचून आणि मित्रांवाचून, सर्व लक्षणे जाईपर्यंत मुलास निजवून ठेवावे, असा सल्ला पूर्वी देत असत. तो आता मागे पडला आहे. 2022 साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे जे निवेदन 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार विश्रांती हवी ती पहिले एक-दोन दिवस, आणि तीही बेताची. त्या काळात मोबाइल व दूरचित्रवाणी यांचा वापर कमी करावा. पुढे घरीच पाच-पंधरा मिनिटांचे वाचन, मग थोडा गृहपाठ, मग काही तासांची शाळा, आणि शेवटी पूर्ण दिवस व बुडालेला अभ्यास, असा जिना चढावयाचा. पायरी चढताना त्रास किंचित वाढून तासाभरात ओसरला तर भिण्याचे कारण नाही. अधिक वाढला तर वेग कमी करावा. हा धीराचा मार्ग लांबचाही नव्हे. परिषदेपुढील पुराव्यात शंभरांपैकी 93 खेळाडू दहा दिवसांत जादा सवलतीवाचून पूर्ण अभ्यासाकडे परतलेले दिसले. उरलेल्या मोजक्यांना मात्र काही आठवडे आधार लागतो, आणि नेमके तेच आपल्याकडे ‘ढोंगी’ ठरतात.

खेळाच्या जगाने हा धडा आपल्या आधी गिरवला. 1962 साली बार्बाडोस येथे नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळला, कवटी फुटली आणि त्यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली. तो घाव सर्वांना दिसणारा होता. न दिसणाऱ्या घावाची दखल क्रिकेटच्या नियमांनी घेतली ती 2019 मध्ये. त्या वर्षी लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन बदली खेळाडू म्हणून उतरला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने 2009 साली या विषयावर कायदा केला, पण त्याची दृष्टी मुख्यतः मैदानावर होती. वर्गाकडे परतण्याची रीतसर व्यवस्था कायद्याने मागणाऱ्या इलिनॉयचे वर्ष 2015. म्हणजे तेथेही खेळाडू आधी आठवला, विद्यार्थी मागाहून. आमच्याकडे दोघेही आठवावयाचे आहेत. किंबहुना आमच्याकडे क्रम उलटाच असतो: उपान्त्य सामना शनिवारी असल्याने मुलगा शुक्रवारी ‘बरा’ होतो. पूर्णवेळ वर्गात बसणे जमल्यावाचून पूर्ण खेळास परवानगी नाही, असे हे नवे शास्त्र सांगते. प्रत्येक क्रीडाशिक्षकाने ते ध्यानी धरावे.

सवलती दिल्यास मुले त्यांचा गैरफायदा घेतील, ही शंका आम्हांस ठाऊक आहे; ती आम्हीही शिक्षककक्षात बोलून दाखवली आहे. घेईलही एखादा. चार दिवसांचा गृहपाठ चुकवल्याने त्याचे जे नुकसान होईल ते भरून येण्यासारखे आहे. पालकांचे भय अधिक खरे आहे. हजेरीची टक्केवारी, घटक चाचणी, शिकवणीची भरलेली फी आणि दहावीचे वर्ष, या चौकडीत सापडलेली आई मुलाला डोकेदुखीची गोळी देऊन वर्गात पाठवते, यात तिचा दोष थोडा आहे. शाळेने स्वतः होऊन ‘चाचणी मागाहून घेऊ’ असे म्हटले, तर ती गोळी देणार नाही.

यासाठी नवा कायदा, नवी समिती किंवा नवा निधी यांची वाट पाहण्याचे कारण नाही. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलामागे एक शिक्षक नेमावा; त्याने दर दोन दिवसांनी मुलाची विचारपूस करून इतर विषयशिक्षकांस कळवावे. मुलास खिडकीच्या झळाळीपासून दूर बसवावे, गरगरले तर ग्रंथालयात अर्धा तास टेकू द्यावे, टिपणे मित्राच्या वहीतून घेऊ द्यावीत, आणि त्या पंधरवड्यात एका दिवशी एकाहून अधिक परीक्षा लादू नये. डॉक्टरांनीही ‘विश्रांती घ्यावी’ एवढेच न खरडता किती तास शाळा, किती मिनिटे वाचन, पुन्हा तपासणी केव्हा, हे चिठ्ठीवर लिहावे. शिक्षण विभागाने एवढा मजकूर एका पानाच्या मराठी परिपत्रकात मांडून सामन्यांच्या वेळापत्रकाबरोबरच प्रत्येक मुख्याध्यापकाकडे पोहोचता करावा, अशी आमची मागणी आहे. आणि ते पान क्रीडासाहित्याच्या कपाटात न ठेवता शिक्षककक्षाच्या भिंतीवर लावावे.